हिरवं झाकण

माझ्या जिभेला हाड नाही, असं आमच्या मोठ्या बाई म्हणतात. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. बावीस वर्षं मी या शाळेच्या स्वयंपाकघरात आहे, त्यातली एकवीस वर्षं त्या हेच म्हणताहेत आणि मी कधी मनावर घेतलं नाही. पण त्या शुक्रवारी हीच बिनहाडाची जीभ टाळ्याला अशी चिकटली, की सोडवता सोडवता माझा जीव अर्धा झाला. तेच सांगते.

तिसरीच्या वर्गात दर शुक्रवारी स्वयंपाकाचा तास असतो. ही कल्पना तिसरीच्या बाईंची. अंगानं काडी, आवाज मऊ, पण एकदा डोक्यात घेतलं की घेतलं. पहिल्यांदा माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "मावशी, मुलं भाज्या ताटात टाकतात आणि पाकिटातलं खातात. स्वतः चिरलं, स्वतः कालवलं तर खातील." मी म्हटलं, "बाई, अजून शेंबूड पुसता येत नाही त्यांना. माझ्या हातचं खात नाहीत, ती स्वतःच्या हातचं काय डोंबल खाणार?" चिडलेच होते मी. बावीस वर्षं रांधून शेवटी पोरांनी मला शिकवायचं, असंच वाटलं.

आणि तिसऱ्याच शुक्रवारी बघते तर काय! आमचा बडबड्या, ज्यानं तीन वर्षं माझी गाजरं भाताखाली पुरली, तो स्वतः किसलेलं गाजर वाटीतून बोटानं पुसून खात होता. वर शेजारणीला ऐकवत होता, "माझं गाजर तुझ्यापेक्षा गोड आहे." मी मुकाट्यानं परत आले. त्यानंतर बाजारातून येणारी सगळ्यात कोवळी काकडी बाईंच्या तासाचं सामान नेणाऱ्या चाकाच्या गाडीवर जायला लागली.

याच वर्गात पिटुकली आहे. वय आठ, अंगानं सहाची. तिला शेंगदाणा चालत नाही. चालत नाही म्हणजे आवडत नाही असं नव्हे. एक कण पोटात गेला तरी घसा आतून सुजतो आणि श्वास कोंडतो. दोन वर्षांची असताना झालं होतं एकदा, तेव्हा तिची आई तिला उचलून अनवाणी दवाखान्यात धावली होती. म्हणून पहिलीपासून पिटुकलीचं टेबल वेगळं. स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर एक टेबल, एक खुर्ची आणि घरचा डबा. पलीकडे बाकीची पोरं कल्ला करत जेवतात. ही एकटी डबा उघडते, आधी हुंगते, मग खाते. हुंगायला आईनं शिकवलंय. घरी रोज तिचे डोळे बांधून डब्या नाकाशी धरते, हे काय, ते काय. पोरगी दुरून सांगते.

मी बटाटे सोलायचं निमित्त काढून तिच्याजवळ जाऊन बसते. एकदा मला म्हणाली, "मावशी, ते सगळे एवढं कशाला हसतात गं?"

मी म्हटलं, "काही नाही, दात दाखवतात."

कांदा असता तर रडण्याचा आळ त्याच्यावर घातला असता, पण हातात मेला बटाटा होता.

स्वयंपाकाच्या तासालाही ती वर्गाच्या खिडकीपाशी बसून नुसती बघायची. बाईंनी तिच्या आईच्या मागे लागून लागून एक तास मागून घेतला. आई बसमध्ये तिकीट तपासते. समोरच्याकडे बघते तीही असं, की आपण कुठंतरी फुकट चढलोय असं वाटावं. ती म्हणाली, "शुक्रवारी मी मागे बसेन. सगळं नीट झालं, तर सोमवारपासून पिटुकली सगळ्यांबरोबर जेवेल. काही चुकलं, तर हा विषय माझ्यापुढे परत काढायचा नाही."

पिटुकलीनं ते ऐकलं होतं. त्या आठवड्यात ती रोज मला विचारायची, "शुक्रवारला किती दिवस?"

आता झाकणांचं सांगते, कारण सगळी गोम तिथंच आहे. माझ्या स्वयंपाकघरात शेंगदाण्याचं कूट असतं, मोठ्या वर्गांच्या खाण्यासाठी. गाडीवर जाते ती फुटाण्यांची भरड. दोन्ही एकाच मापाच्या पांढऱ्या बरण्यांत. बाईंनी पहिल्या दिवशीच नियम केला. कुटाच्या बरणीला लाल झाकण, ती स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडणार नाही. भरडीला हिरवं. मुलांकडून घोकून घेतलं, "हिरवं झाकण, हात लाव. लाल झाकण, लांब राहा." मी मान हलवली, पण मनात म्हटलं, झाकणाला काय विचारायचंय? बरणी उघडली की नाक सांगतं. आयुष्यात मी कधी चिठ्ठी वाचून डबा उघडला नाही.

गुरुवारी दुपारी मी स्वयंपाकघर घासायला काढलं. तिकीट तपासणारी बाई येणार, बोट फिरवून बघणार, तिला कुठं डाग सापडता कामा नये. भिंती पुसल्या, कपाटं पुसली, आणि सगळ्या बरण्यांची झाकणं काढून एकाच पातेल्यात टाकली. सोडा घालून खळखळून उकळली, फडक्यावर पालथी घातली. शुक्रवारी सकाळी एकेक उचलून बसवली. झाकण म्हणजे झाकण, बसलं की झालं. बावीस वर्षं मी हे असंच करत आलेय.

शिवाय दोन दिवस माझं नाक चोंदलेलं होतं. सर्दी असली की स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, हा नियम माझाच. मदतनिसांना मी त्यावरून घरी हाकललंय. पण पिटुकलीचा दिवस आणि मी घरी बसू? तोंडाला फडकं बांधलं आणि आले. कोणी विचारलंच तर "स्वच्छतेसाठी" म्हणायचं. हे सगळं मी आता एकापुढे एक मांडून सांगतेय. तेव्हा डोक्यात यातलं काहीसुद्धा नव्हतं. उलट गाडी ढकलत वर्गात निघाले तेव्हा छाती चांगली फुगलेली होती.

बाकं चार-चार जोडून त्यावर मेणकापड घातलं होतं. बोथट सुऱ्या, लाकडी फळ्या, वाट्या. सव्वीस पोरं हात धुऊन, कोपरापर्यंत बाह्या सारून बसली होती. पिटुकली बडबड्याच्या शेजारी. ताठ बसली होती, पाय जमिनीला टेकत नव्हते.

आई आल्या आल्या गाडीपाशी गेली. मिठाचा पुडा उलटा करून वाचला. सुरीच्या पात्यावरून बोट फिरवलं. फळ्या पुसायचं फडकं वेगळं आहे ना, ते विचारलं. मग हिरव्या झाकणाच्या बरणीवर बोट ठेवलं. "यात काय?"

"फुटाण्यांची भरड," मी म्हटलं. "स्वतः भाजलीय, स्वतः दळलीय. डोळे झाकून खा."

तिनं झाकणाकडे बघितलं, मान हलवली आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसली. पर्स मांडीवर, हात पर्समध्ये. आत ते पेनासारखं इंजेक्शन असतं, मला माहीत होतं. मी तिच्या बाजूच्या भिंतीला टेकून उभी राहिले.

तास सुरू झाला. मक्याचे दाणे आणि छोले मी उकडून आणले होते. काकडी, गाजर, टोमॅटो पोरांनी चिरायचे, लिंबू पिळायचं, वरून चमचाभर भरड. बाई फिरत होत्या. "बोटं आत वळवा. वाटीत किती रंग आले, मोजा बरं." एकानं काकडीचे ओंडके केले, एकीनं टोमॅटोचा चिखल. पिटुकलीनं काकडी अशी बारीक चिरली, की मी मनातल्या मनात दृष्ट काढली. तीन वर्षं खिडकीतून माझे हात बघत होती, त्याचं चीज झालं. मी आईकडे तिरक्या नजरेनं बघितलं. चेहरा तसाच, पण हात पर्समधून बाहेर आला होता.

मग बरणी फिरली. त्यांच्या बाकावर आली तशी बडबड्यानं ती कवटाळलीच. "मी घालतो, मी घालतो!" दोन्ही वाट्यांत त्यानंच घातली. वर म्हणाला, "पिटुकलीला दोन चमचे. ती पहिल्यांदाच आलीय ना."

आणि या तासाची एक रीत आहे. पहिली वाटी आपण खायची नाही, शेजाऱ्याला द्यायची. बाई म्हणतात, दुसऱ्यासाठी करताना माणूस नीट करतो. तर सव्वीस वाट्या इकडून तिकडे सरकल्या. बडबड्याची पिटुकलीपुढे आली.

वाट्या सरकत होत्या तेवढ्यात बडबड्यानं सांडलेली भरड मुठीत गोळा केली, दाबली आणि माझ्याकडे हात उंच करून ओरडला, "मावशी, बघ, चेंडू!"

मी त्याच्यावर डोळे वटारले. अन्नाशी खेळतोस काय मेल्या, असं ओठांवर आलं होतं. मग त्याच्या तळव्यावर नजर गेली. गोळा घट्ट बसला होता, बोटांचे ठसे उमटलेले.

फुटाण्यांच्या भरडीचा गोळा होत नाही. कोरडी असते ती, मुठीतून झरते. गोळा होतो तेल सुटलं की. तेल कुटाला सुटतं.

ते पातेलं, फडक्यावर पालथी झाकणं, सकाळची घाई, तोंडावरचं फडकं, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. मी पिटुकलीकडे बघितलं. चमचा भरलेला होता, हनुवटीपर्यंत आलेला. तो तिथंच थांबला. तिच्या नाकपुड्या हलल्या. तिनं एकदा आईकडे बघितलं आणि चमचा हळूच, आवाज न करता, वाटीत परत ठेवला. तोंडातून चकार शब्द नाही. हात मांडीवर घेऊन बसून राहिली.

"थांबा!" मी ओरडले. "चमचे खाली! कोणी खायचं नाही!"

असा आवाज त्या वर्गानं ऐकला नव्हता. सव्वीस चमचे खणखणले. आई मला ढकलून केव्हा पुढे गेली कळलंच नाही. तिनं पोरीला बाकावरून मागे ओढलं, तोंड उघडून बघितलं, जीभ बघितली. "खाल्लंस? किती? सांग, किती?"

"नाही खाल्लं, आई. खरंच."

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण हात चालू होते. पोरांना रांगेनं बाहेर नेलं, साबणानं हात धुवायला लावले, वाट्या झाकून टाकल्या. पिटुकलीला दाराजवळ, मोकळ्या हवेत बसवलं. तोंड, हात, मान धुतली. आई तिच्यासमोर जमिनीवर बसली. एका हातात इंजेक्शन, दुसऱ्या हाताच्या घड्याळावर डोळे.

मोठ्या बाई धापा टाकत आल्या. दर दोन मिनिटांनी आई म्हणायची, "गिळून दाखव." पिटुकली गिळायची. "श्वास घे." ती घ्यायची. एकदा ती खोकली आणि आईनं इंजेक्शनचं टोपण काढलं. मी डोळे मिटून घेतले. देवा, माझं काय वाट्टेल ते कर, असं म्हणत होते. "पाणी घशात गेलं," पिटुकली म्हणाली. आईनं टोपण परत लावलं.

अर्धा तास गेला. काही झालं नाही. मग आई उठली, गाडीवरची बरणी उचलली, झाकण काढून हुंगली.

"शेंगदाणा," ती म्हणाली. "हिरवं झाकण आणि आत शेंगदाणा."

"मी उघडून बघायला हवं होतं," बाई म्हणाल्या. "वर्ग माझा, चूक माझी."

मोठ्या बाई म्हणाल्या, "हा तास आजपासून बंद."

इथं माझी जीभ चिकटली. बोलायला तोंड उघडलं होतं, शपथेवर सांगते. पण मनात आलं, कोणाला कळणार? झाकणं उकळताना कोणी बघितलं नव्हतं. बाई तरुण आहेत, त्यांना दुसरी शाळा मिळेल. मला या वयात दुसरं स्वयंपाकघर कोण देणार? लाज वाटते सांगायला, पण आलं मनात. गप्प उभी राहिले मी, फडक्याआड.

आई पिटुकलीकडे वळली. "तुला वास नाही आला?"

पिटुकलीनं बाईंकडे बघितलं, मग माझ्याकडे. "नाही."

"एवढा वास येतोय आणि तुला आला नाही? घरी तर दारातून सांगतेस."

"नाही आला."

आईचे खांदे खाली गेले. इतका वेळ ताठ होती, आता एकदम थकल्यासारखी दिसली. "मग संपलं सगळं," ती म्हणाली. "माझा सगळा भरवसा तुझ्या नाकावर होता. तेच ऐन वेळी दगा देत असेल, तर मी तुला कोणाच्या जिवावर सोडू? चल. दप्तर घे."

पिटुकली उठली. रडली नाही. दप्तराचे पट्टे खांद्यावर चढवायला लागली. एक पट्टा पिळला होता, तो तिला सरळ करता येईना.

"खोटं बोलतेय ही!" मी म्हटलं. इतक्या जोरात, की मोठ्या बाई दचकल्या. "तिला वास आला होता. मी ओरडायच्या आधी तिनं चमचा खाली ठेवला. या डोळ्यांनी बघितलं मी."

मग काय, एकदा गाठ सुटली की सुटली. फडकं ओढून काढलं तोंडावरचं. "आणि झाकणं मी बदलली. काल सगळी एकत्र उकळली आणि आज न बघता बसवली. तुम्ही येणार म्हणून चकचकीत करायला गेले. नाक चोंदलंय माझं दोन दिवस, तरी आले. बाईंचा यात काडीचा दोष नाही. काय करायचं ते माझं करा."

आई माझ्याजवळ आली. मला वाटलं, आता हात उचलते. उचलला असता तरी मी गाल पुढे केला असता.

"डोळे झाकून खा, म्हणालात मला," ती म्हणाली.

"हो."

"माझी मुलगी मेली असती, मावशी."

"हो," मी म्हटलं. मग रडू फुटलं मला.

ती माझ्याकडून वळली. मग पोरीसमोर गुडघ्यांवर बसली. "वास आला होता?"

पिटुकलीनं मान हलवली.

"मग गप्प का बसलीस?"

"बोलले असते तर तू मला परत त्या टेबलावर बसवलं असतंस." इतकं हळू बोलली, की ऐकायला वाकावं लागलं. "आणि बाईंचा तास बंद झाला असता. मी खाणार नव्हते, आई. नुसती बसणार होते."

आईनं पिळलेला पट्टा सरळ केला. मग दप्तरच खांद्यावरून उतरवलं. "पुढच्या वेळी वास आला तर काय करशील?"

"सांगेन."

"कसं? सांग बघू आत्ता."

"मला वास येतोय," पिटुकली पुटपुटली.

"मागच्या बाकावर ऐकू नाही आलं." आई उठून शेवटच्या बाकावर जाऊन बसली. "परत."

"मला वास येतोय."

"परत!"

पिटुकलीनं मुठी आवळल्या, डोळे घट्ट मिटले. "थांबा! मला वास येतोय! कोणी खाऊ नका!"

बाहेर रांगेत उभी असलेली पोरं दाराशी गोळा झाली. तीन वर्षांत त्यांनी तिचा आवाज धड ऐकला नव्हता. बडबड्याचा आ वासलेलाच राहिला. शेवटच्या बाकावर आईनं दोन्ही हातांत तोंड लपवलं होतं.

महिनाभर मला स्वयंपाकघराबाहेर ठेवलं. मोठ्या बाईंनी कोठी झाडायला लावली, आणि मी हूं की चूं केलं नाही. शेंगदाणा शाळेतून कायमचा गेला, आणि पिटुकलीचं वेगळं टेबलही गेलं. प्रत्येक झाकण दोरीनं आपापल्या बरणीच्या गळ्यात बांधलं, ते मात्र मी माझ्या हातानं बांधलं. तास बंद झाला नाही, कारण खुद्द तिकीटवाल्या बाईच मोठ्या बाईंशी भांडल्या. तासाला त्या दर वेळी मागे बसतात. माझ्याशी अजून कामापुरतंच बोलतात. त्याचं मला वाईट वाटतं, पण त्यांचं बरोबर आहे.

महिन्यानंतर मी पहिल्यांदा गाडी घेऊन वर्गात गेले. वाट्या भरल्या, शेजाऱ्यांपुढे सरकल्या. पिटुकलीनं तिच्यापुढची वाटी उचलली, हुंगली, परत एकदा हुंगली. मग उठली आणि वाटी घेऊन सरळ माझ्याकडे आली. सगळा वर्ग बघत होता. मागच्या बाकावर तिची आईही बघत होती.

"मावशी, सर्दी गेली तुझी?"

"गेली गं बाई."

तिनं वाटी माझ्या नाकापुढे धरली. "मग आता तू हुंग."